कालचं पाणी, आजची तारीख

कामाक्षी रागीट होती हे आमच्या रस्त्यावर सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण ती चुकीवर चिडायची नाही. दूधवाला उशिरा आला आणि "आज उशीर झाला अक्का" म्हणाला, तर ती मुकाट भांडं पुढे करायची. तोच कधी "मी वेळेवरच आलो, तुमचं घड्याळ पुढे आहे" म्हणाला की शेजारपाजारची दारं उघडायची. रागावली की तिला तमिळ सुचत नसे. बिचारा दूधवाला मराठीत शिव्या खायचा आणि सायकल हाणत निघून जायचा.

आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारामागून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी ऐकून पुण्याकडचे पाहुणे हसू दाबतात, म्हणून हे मी पुस्तकी मराठीत लिहिते आहे. माणसांचं बोलणं तेवढं जमेल तसं आमचं ठेवलंय.

कामाक्षी चंद्रमौली राव यांच्याकडे प्रोग्राम लिहायची. आमच्या गावातल्या महामहम तळ्याजवळ एका भांड्यांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. चंद्रमौली आमच्यातलेच; गोड बोलणारा, सगळ्यांच्या लग्नकार्यात पुढे असणारा माणूस. कॉलेज संपल्यावर कामाक्षीला पहिली नोकरी त्यांनीच दिली होती, आणि ती त्यांना अण्णा म्हणायची. ऑफिसातलं मुख्य काम म्हणजे रेशमी साड्यांच्या दुकानांची बिलं. त्या जोडीला एक दुसरं काम होतं, आणि कामाक्षीचा जीव त्यात होता.

आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती. तिच्या सभासदांना पावसाळ्यात रोज पहाटे फोनवर एक नकाशा जायचा. नद्या, कालवे, बांध, सखल शेतं. आणि आज जिथे पाणी चढेल तिथे निळा रंग. हा नकाशा काढणारा प्रोग्राम कामाक्षीनं सी भाषेत लिहिला होता. सगळ्या मुलखाचे तिनं बारीक चौकोन पाडले होते. प्रत्येक चौकोनाची उंची किती, त्यात पाणी किती, याच्या आकड्यांची एक प्रचंड रांग यंत्राच्या स्मृतीत मांडावी लागायची. पाऊस थोडा असला की नदीकाठचे चौकोन पुरायचे आणि रांग लहान राहायची. पाऊस पसरला की चौकोन वाढायचे, रांग लांबायची, आणि प्रोग्राम यंत्राकडे आणखी जागा मागायचा.

यंत्र दर वेळी जागा देतंच असं नाही. ते नाही म्हणतं. सी भाषेत हा नकार अगदी मुका असतो: मागितलेल्या जागेच्या पत्त्याऐवजी रिकामा पत्ता हातात येतो, बस्स. तो बघायचा की नाही हे प्रोग्राम लिहिणाऱ्यावर. बघितलाच नाही, तर प्रोग्राम कोठेतरी धडपडतो. कामाक्षी बघायची. जागा मिळाली नाही तर तिचा प्रोग्राम तिथेच थांबायचा आणि सगळ्यांना दोन ओळी पाठवायचा: आज नकाशा तयार झाला नाही. नदीकडे स्वतः लक्ष ठेवा.

त्या वर्षी ऐप्पसी, म्हणजे दिवाळीचा तमिळ महिना, लागता लागता हा निरोप वारंवार जाऊ लागला. कारण साधं होतं. दिवाळीच्या तोंडावर साड्यांची दुकानं भरभरून चालायची आणि त्यांची बिलं अडकू नयेत म्हणून चंद्रमौलींनी नकाशाच्या प्रोग्रामला जागेची मर्यादा घालून ठेवली होती. पाऊस आणि दिवाळी आमच्याकडे एकदमच येतात.

शेतकऱ्यांचे फोन यायला लागले. चंद्रमौलींनी तिला बोलावलं. समोर कॉफीचे पेले होते.

"कामाक्षी, तो निरोप काढून टाक गे. लोकांना वाटतं आपलं यंत्र बिघडलंय."

"बिघडलं नाही, अण्णा. जागा पुरत नाही. ती मर्यादा काढा."

"दिवाळी होऊ दे."

"मग मजला वेळ द्या. सगळी रांग एकदम न मांडता मुलूख पट्ट्यापट्ट्यांनी घेते. एक पट्टा मांडायचा, हिशेब करायचा, जागा परत करायची, दुसरा घ्यायचा. सावकाश होईल, पण थोड्या जागेत होईल."

"तेही दिवाळीनंतर बघू. तोवर निरोप तेवढा बंद कर."

"आणि नकाशा नाही जाहला तर काय पाठवायचं?"

"काहीतरी पाठव. रिकामे हात दाखवू नयेत, एवढंच."

"ज्या दिवशी पाणी सगळ्यात जास्त, त्याच दिवशी जागा पुरत नाही. त्या दिवशी काहीतरी पाठवू?" तिचा आवाज चढला. "मी ती ओळ काढणार नाही."

चंद्रमौली हसले आणि म्हणाले, "बरं बाई, राहू दे." त्यांचं हे 'राहू दे' तिनं खरं मानलं.

दिवाळी सरली, मर्यादा मात्र तशीच राहिली. तेव्हाच तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, त्यासाठी ती रजा टाकून तंजावरला गेली. परत आली त्याच्या आदल्या दिवसापासून पाऊस लागला होता. सकाळी चूल पेटवायच्या आधी तिनं पट्टीश्वरमला आत्याला फोन केला. गंगाबाई आत्या तिथे देवळाच्या रस्त्याला यात्रेकरूंसाठी छोटी खानावळ चालवायची. तिच्या मागच्या अंगाला कालवा, आणि कालव्यापलीकडे पानमळे.

"आत्या, पाणी किती आहे?"

"मागल्या दाराच्या पायरीला लागलंय गे."

"मग बसलीस कायला? देवळाकडे जा!"

"तुझ्या नकाशात तर कोरडं दाखवतंय. आम्ही म्हटलं, आपल्या कामाक्षीचा नकाशा आहे, उतरेल पाणी. पानमळेवाला रंगाही तेच बघून मळ्यात गेला, चर मोकळे करायला."

कामाक्षीनं आत्याला आधी वरच्या रस्त्याला जायला लावलं आणि मग नकाशा उघडला. पट्टीश्वरम कोरडं. साक्कोट्टै गावाजवळ थोडा निळा रंग, तोही कडेकडेनं. तिनं कालचा नकाशा काढला. तोच निळा, तशाच कडा, नदीच्या वळणावर तोच एक तुटका ठिपका. रात्रभर आभाळ फाटलं होतं आणि पाणी एका चौकोनानंही हललं नव्हतं! फक्त वरची तारीख आजची होती.

ती छत्रीही न घेता निघाली. मी दारातच होते. "कोठे गे?" म्हटलं, तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ऑफिसात विघ्नेश एकटाच आला होता. तिच्या हाताखाली काम शिकलेला, साक्कोट्टैचा, फारसं न बोलणारा. तिला भिजलेली बघून तो उठूनच उभा राहिला.

"नकाशाचा कोड दाखव," ती म्हणाली.

त्यानं दाखवला. जिथे ती रिकामा पत्ता तपासून प्रोग्राम थांबवायची, तिथे आता वेगळं लिहिलं होतं. वाढवून मागितलेली जागा मिळाली नाही, तर यंत्र जुनी जागा काढून घेत नाही. ती तशीच राहते, आतल्या आकड्यांसकट. विघ्नेशनं त्याचाच आधार घेतला होता: नवा पत्ता रिकामा आला तर जुनाच धरायचा, हिशेबाचा टप्पा ओलांडायचा, आणि जुन्या रांगेत जे असेल त्याचं चित्र काढायचं. जुन्या रांगेत कालचं पाणी होतं.

"हे तू केलंस?"

"सरांनी सांगितलं, अक्का. तुम्ही रजेवर गेलात त्याच दिवशी. प्रोग्राम थांबता कामा नये म्हणाले."

"यंत्र नाही म्हणतंय, विघ्नेश. स्वच्छ नाही म्हणतंय. आणि तू त्याच्या तोंडात 'हो' कोंबलंस."

तेवढ्यात चंद्रमौली जिना चढून आले, आणि त्यांच्यामागून साड्यांच्या दुकानाचा एक व्यवस्थापक.

"अण्णा, हा नकाशा कालचा आहे."

"हळू बोल. गिऱ्हाईक आलंय."

"पट्टीश्वरमात लोक घरात बसून आहेत. वर आजची तारीख आहे म्हणून बसलेत!"

"तारीख काय गे, आपोआप पडते."

"आपोआप काही पडत नाही!" ती ओरडली, आणि खालच्या दुकानातली माणसंही जिन्यात डोकावली. "कोणीतरी ओळ लिहितो, कोणीतरी लिही म्हणून सांगतो. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना निरोप पाठवा, नकाशा खोटा आहे म्हणून."

चंद्रमौलींचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "खोटा हा शब्द वापरू नकोस. मी ती मर्यादा काढतो, तू प्रोग्राम परत चालव. नवा नकाशा जाऊ दे. मग जुन्याचं कोण विचारतो?"

"त्याला तास लागेल. पाणी तास थांबेल काय?"

"कामाक्षी, ही माझी कंपनी आहे."

"आणि ती माझी माणसं आहेत."

विघ्नेश आपल्या खुर्चीवरून बाजूला झाला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. कामाक्षी बसली आणि शब्द शोधत तमिळमध्ये लिहू लागली: आज पहाटे आलेला नकाशा आजचा नाही, कालचा आहे. त्यात कोरडं दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. बांधाखालची शेतं आणि घरं सोडा. चंद्रमौली तिच्या खांद्यावरून वाचत होते. "हे पाठवलंस तर उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले. तिनं पाठवलं. मग मर्यादा काढली, प्रोग्राम चालवला, आणि खरा नकाशा बाहेर पडेपर्यंत तिथून हलली नाही. त्या नकाशात पट्टीश्वरमची कालव्याकडची बाजू सगळी निळी होती.

निरोप बऱ्याच जणांना वेळेवर पोचला. साक्कोट्टैच्या खालच्या वस्तीतली माणसं गुरं मोकळी सोडून शाळेत गेली. रंगाला मात्र तो पोचला नाही. त्याचा फोन सदऱ्याच्या खिशात, आणि सदरा मळ्याच्या तोंडाशी हादग्याच्या झाडाला टांगलेला. तो आत वेलांच्या ओळींमध्ये गुडघाभर चिखलात चर उकरत होता. कालव्याचा बांध फुटला तेव्हा पाण्यानं त्याला उचललं आणि रस्त्याच्या मोरीवर नेऊन आदळलं. लोकांनी दोर टाकून त्याला बाहेर काढलं. जीव वाचला. खुब्याचं हाड मोडलं होतं, ते नीट जुळलं नाही. पानमळ्याचं काम म्हणजे दिवसभर शिडीवर चढउतार. ते त्याला पुन्हा कधी जमायचं नव्हतं.

पाणी ओसरल्यावर कामाक्षी त्याला बघायला इस्पितळात गेली. रंगा गुंगीत होता. त्याची बायको गोमती बाहेर बाकावर बसली होती. कामाक्षी सांगू लागली की मी नव्हते, माझ्यामागे बदललं, मला ठाऊक असतं तर...

"गप बसा!" गोमती म्हणाली. "तुमच्या ऑफिसातलं भांडण मला कशाला ऐकवता? फोनवर नकाशा आला. त्याखाली तुमच्या ऑफिसचं नाव होतं. माझा नवरा तो बघून गेला. तुमच्यात कोण चांगलं नि कोण वाईट, ते तुम्ही घरी जाऊन ठरवा."

कामाक्षी वळली. ती बाहेर आली आणि इस्पितळाच्या भिंतीपाशी उभी राहून संतापानं रडली. मला तिनं नंतर सांगितलं, "गोमतीवर राग नव्हता गे. माझाच आला. अण्णा 'राहू दे' म्हणाले आणि मी ते ऐकून रजेवर गेले. मजला तो माणूस ठाऊक होता की!"

पुढच्या आठवड्यात आमच्यातली वडीलधारी मंडळी तिच्या घरी आली. पुढे रविशंकर काका होते, विठ्ठलाच्या भजनाला टाळ धरणारे, सगळ्यांना धरून असणारे. शेतकऱ्यांची सभा ठरली होती, आणि कामाक्षी तिथे बोलणार असं कानावर आलं होतं.

"आपली घरं उरली किती?" काका म्हणाले. "चंद्रमौली आपल्यातला. तुझ्या बापाच्या आजारपणात धावला होता. घरचं उणं चव्हाट्यावर कशाला मांडायचं?"

"काका, तुमच्या घरात पाणी शिरलं काय?"

"तसं नव्हे गे..."

"मग तसंच आहे. बापासाठी धावले, खरं आहे. ते मी कधी विसरले नाही. पण त्या धावण्यावर रंगाचा पाय कोणी गहाण टाकला होता?"

काकांनी कॉफी तशीच ठेवली आणि मंडळी उठली. त्यानंतर आमच्यातल्या दोन लग्नांना तिला बोलावणं आलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आम्ही सगळे त्या लग्नांना गेलो आणि जेवलो.

सभा पट्टीश्वरमच्या मंगल कार्यालयात झाली. चंद्रमौली पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसून आले होते. ते फार छान बोलले. तांत्रिक अडचण म्हणाले, अभूतपूर्व पाऊस म्हणाले, यंत्राच्या मर्यादा म्हणाले. लोक माना डोलावू लागले होते. मग कामाक्षी उठली. राग आला की तिला तमिळ सुचत नाही. म्हणून सावकाश, तमिळचा एकेक शब्द जुळवत ती बोलली.

"यंत्रानं काही लपवलं नाही. जागा नाही, हे त्यानं आम्हाला सांगितलं होतं. तुम्हाला ते सांगायची एक ओळ प्रोग्राममध्ये होती. ती काढली आणि तुम्हाला कालचं पाणी आजचं म्हणून दाखवलं. पावसानं हे केलं नाही. माणसांनी केलं, कारण नाही म्हणायची लाज वाटली."

"प्रोग्राम कोणी लिहिला?" चंद्रमौलींनी बसूनच विचारलं. "तूच ना?"

"मीच. एवढी मोठी जागा एकदम मागायची हे मीच ठरवलं होतं. पट्टे पाडायला हवे होते, ते मी आधीच पाडायला हवे होते. त्याचा जाब मी देते. तारखेचा जाब तुम्ही द्या."

चंद्रमौलींनी घसा खाकरला. तेवढ्यात मागच्या रांगेतून विघ्नेश उठला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. "ती ओळ मी बदलली," तो म्हणाला. "मला सांगितलं होतं. पण बदलली मी." आणि तो बसला. सभागृहात एवढा गोंगाट झाला की पुढचं काही कोणाला ऐकू आलं नाही. चंद्रमौली बाजूच्या दारानं निघून गेले.

शेतकऱ्यांच्या कंपनीनं त्यांच्याशी असलेला करार मोडला. रंगाच्या औषधपाण्याचंही त्या कंपनीनंच पाहिलं. चंद्रमौलींना मात्र काही झालं नाही. साड्यांची दुकानं त्यांच्याकडेच आहेत, आता ऑफिसचा दुसरा मजलाही त्यांनी घेतलाय, आणि आमच्या लग्नकार्यांत ते आजही पुढच्या पंक्तीला बसतात. कामाक्षीपुढे हे नाव काढलं की तिच्या हातातलं भांडं आपटतंच. विघ्नेश चेन्नईला गेला.

नकाशाचं काम शेतकऱ्यांनी कामाक्षीलाच दिलं. तिनं सगळा प्रोग्राम नव्यानं लिहिला. आता तो आधी पूर्ण मुलखासाठी जागा मागतो. नाही मिळाली तर निम्म्यासाठी, नाही तर त्याच्याही निम्म्यासाठी. मिळेल तेवढ्यात एकेक पट्टा मांडतो, हिशेब करून लिहून ठेवतो आणि जागा सोडतो. नव्या जागेचा पत्ता तपासल्याशिवाय जुना सोडायचा नाही, आणि जुन्यातलं काही नव्याच्या नावानं छापायचं नाही. एखाद्या पट्ट्यालाही जागा मिळाली नाही, तर त्या गावांवर राखाडी रंग येतो आणि खाली लिहून येतं की इथलं आम्हाला ठाऊक नाही. राखाडी दिसला की लोक अजूनही फोन करून तिला बोल लावतात. ती त्यांच्याशी कडाकडा भांडते, पण रंग बदलत नाही.

रंगा आता काठी घेऊन चालतो. पानमळ्यातला वाटा त्यानं भावाला दिला. गोमती गंगाबाई आत्याच्या खानावळीत कामाला लागली. कामाक्षी आत्याकडे गेली की तिथेच जेवते, आणि तिच्या पानात वाढायला गोमतीच येते. भात वाढते, सांबार वाढते, काय हवं नको ते बघते, आणि एक शब्दही बोलत नाही. आत्याला ते खटकतं. एकदा ती गोमतीला काही म्हणणार होती, तर कामाक्षीनं तिचा हात धरून तिला गप्प केलं.

"नको गे आत्या," ती म्हणाली. "तिचा राग तिच्यापाशी असू दे."